‘काकू, डॉक्टरकी आवरा’ या प्रतिक्रियेला उत्तर

निनावी महोदय,

‘रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गाठ विसरू नका’ या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘काकू, डॉक्टरकी आवरा. मावशीच्या छातीत गाठ लागली, रक्तात सीए १५-३ (स्तनाच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं एक प्रथिन) वाढलेलं आलं, म्हणून तर कॅन्सर लवकर कळला. हाताने तपासणं जुनाट झालं. मॅमोग्राफीही (स्तनांचा एक्स-रे) चुकते. नाशिकच्या कंपनीच्या चाचणीला अमेरिकेची मंजुरी आहे.’

काकू म्हणालात, ठीक आहे, वय झालंय. पण ‘आवरा’? घरच्या काकूंना असंच म्हणता का? सदाशिव पेठेतल्या लॅबमध्ये अर्धी हयात गेली माझी, सीरम वेगळं करण्यात आणि रिपोर्ट पडताळण्यात. इकडचं तिकडचं फॉरवर्ड वाचून लिहीत नाही मी. माझ्याच वन्सं सीए १५-३ नॉर्मल आल्याचा कागद पर्समध्ये घेऊन निर्धास्त हिंडत होत्या. गाठ दुखत नव्हती, रिपोर्ट चांगला, मग डॉक्टर कशाला? बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) झाली तोवर काखेपर्यंत पोचलं होतं. तुम्ही मला आवरायला सांगताय!

बरं, मावशींना गाठ आधी लागली हे तुमचंच वाक्य. मग शोधलं हाताने, सीएने नव्हे. सुरुवातीच्या टप्प्यात बहुतेकींचं सीए १५-३ वाढतच नाही, आणि लिव्हरच्या दुखण्यात किंवा स्तनातल्या साध्या गाठीतही ते वाढू शकतं. आजार पसरलेला असताना उपचार लागू पडताहेत का, हे बघायला डॉक्टर ते मागवतात. कॅन्सरचं निदान मात्र बायोप्सीच करते.

आणि ते ‘जुनाट’! टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या गटाला शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी हातानेच तपासायच्या. २०२१ साली निष्कर्ष छापून आले: या गटातल्या पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्यांत तसा फरक दिसला नाही, हेही सांगते, नाहीतर पुन्हा तुम्ही उगवाल.

मॅमोग्राफी दाट स्तनांत चुकते, मान्य. नाशिकच्या दातार कंपनीच्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनाने, २०२१ मध्ये दिला तो ‘ब्रेकथ्रू’ दर्जा. म्हणजे फाईल लवकर हातात घेऊ, एवढंच. मंजुरी वेगळी.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी द्या. निनावी आली तर छापणार नाही.