साध्या वेष्टनाची परीक्षा पहिल्या वर्षाच्या विक्रीवरून घेऊ नये

सिगारेटच्या पाकिटावरचा रंग, बोधचिन्ह आणि चकाकी काढून टाकली तर लोक सिगारेट सोडतात का, असा प्रश्न साध्या वेष्टनाचा, म्हणजे सर्व ब्रँडची पाकिटे एकसारखी साधी ठेवण्याच्या नियमाचा, विषय निघाला की हमखास विचारला जातो. मला हा प्रश्न अपुरा वाटतो. ज्याला वर्षानुवर्षांचे व्यसन जडले आहे, त्याची निकोटिनची तलफ पाकीट मळकट झाले म्हणून शमणार नाही, हे उघड आहे. या नियमाचा खरा रोख त्या किशोरवयीन मुलामुलींकडे आहे ज्यांनी अजून पहिला झुरका घेतलेला नाही आणि ज्यांच्या नजरेत ते पाकीट अजूनही मोठेपणाची, ऐटीची वस्तू ठरू शकते.

दूरचित्रवाणी, मासिके, क्रीडास्पर्धा अशी एकेक जागा जाहिरातींना बंद होत गेली, तेव्हा पाकीट हीच कंपन्यांची शेवटची जाहिरात उरली. ते दिवसातून कितीतरी वेळा खिशातून बाहेर येते, मित्रांसमोर टेबलावर ठेवले जाते आणि ही जाहिरात गिऱ्हाईक स्वतःच मिरवत असते. ऑस्ट्रेलियाने १ डिसेंबर २०१२ पासून नेमकी हीच जागा काढून घेतली. तिथला नियम वाचला की तो किती बारकाईने लिहिला आहे हे लक्षात येते: सर्व पाकिटांना एकच मळकट गडद तपकिरी रंग, पृष्ठभाग चकाकी नसलेला, ब्रँडचे नाव सगळ्यांना ठरवून दिलेल्या एकाच साध्या टंकात आणि तेही जास्तीत जास्त १४ पॉइंट आकारात. त्याच वेळी सचित्र इशारा दर्शनी बाजूच्या ७५ टक्के आणि मागच्या बाजूच्या ९० टक्के भागावर आला.

परिणामांबद्दल बोलताना अतिशयोक्ती टाळलीच पाहिजे, कारण तिचा फायदा विरोधकांनाच होतो. ऑस्ट्रेलियन सरकारच्या २०१६ च्या आढाव्यात असा अंदाज मांडला होता की पाकिटातील बदलांमुळे सप्टेंबर २०१५ पर्यंत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ०.५५ टक्के अंकांनी घटले. यात साधे वेष्टन आणि मोठे इशारे या दोहोंचा वाटा आहे आणि तो वेगळा काढता येत नाही. आकडा लहान दिसतो खरा, पण माणसांत मोजला तर तो लाखाच्या वर जातो, आणि ज्या व्यसनामुळे ते न सोडणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांचा जीव जातो, त्या बाबतीत लाखभर माणसे कमी होणे मला मुळीच किरकोळ वाटत नाही.

जुन्या धूम्रपान करणाऱ्यांवरही काहीच परिणाम झाला नाही, असे नाही. न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशात व्यसन सोडण्यासाठी मदत करणाऱ्या दूरध्वनी सेवेकडे येणारे कॉल ७८ टक्क्यांनी वाढले होते. साध्या पाकिटातून ओढणाऱ्यांना सिगारेटचा दर्जा पूर्वीपेक्षा हलका वाटतो आणि ती तितकी समाधान देत नाही, असेही तिथल्या एका सर्वेक्षणात आढळले. ग्राहक इतकी वर्षे तंबाखूबरोबर पाकिटाचेही पैसे मोजत होता, याचा याहून स्पष्ट पुरावा मला तरी माहीत नाही.

कंपन्यांनी न्यायालयीन लढाही सोडला नाही. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयात, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या न्यायालयात, त्या २०१२ मध्ये हरल्या. फिलिप मॉरिसच्या आशियाई कंपनीने हाँगकाँगबरोबरच्या गुंतवणूक कराराच्या आधारे मांडलेला दावा लवादाने २०१५ मध्ये फेटाळला, कारण मुख्यतः हा वाद उभा करता यावा म्हणून ऑस्ट्रेलियातील व्यवसायाच्या मालकीची फेररचना केली गेली, असे लवादाला दिसून आले. काही देशांनी जागतिक व्यापार संघटनेत केलेल्या तक्रारींचा शेवट २०२० मध्ये झाला आणि तोही ऑस्ट्रेलियाच्या बाजूने.

तरीही नियमात फटी राहतात. रंग हिरावला गेल्यावर काही ब्रँडनी आपल्या नावांतच लाल, निळा असे शब्द घातले, म्हणजे जे डोळ्यांना दाखवता येत नव्हते ते वाचायला दिले. म्हणून रंगांवरील बंदी नावांनाही लागू असायला हवी. करवाढीची जोड तर हवीच. स्वस्त सिगारेट कितीही कुरूप पाकिटात घातली तरी तिला गिऱ्हाईक मिळते. आणि पाकिटातून बाहेर काढून सुटी दिली जाणारी सिगारेट पाकिटावरचा इशारा मागेच ठेवून येते. मित्राकडून घेतलेली पहिली सिगारेट बहुधा अशीच हातात पडते. कॅनडाने २०२३ मध्ये प्रत्येक सिगारेटीवर इशारा छापण्याचा नियम लागू केला आणि ‘प्रत्येक झुरक्यात विष’ अशा अर्थाची ओळ थेट ओठांजवळ नेली. साधे वेष्टन स्वीकारणाऱ्या प्रत्येक देशाने हा नियम त्याच कायद्यात घ्यावा आणि परिणाम मोजताना वार्षिक विक्रीआधी त्या वर्षी किती मुलांनी पहिली सिगारेट ओढली याची नोंद पाहावी, असे माझे मत आहे.