'ज्यू जीव गेला तरी उपास मोडत नाहीत' हे कुणी सांगितलं?

माझा मामा इन्सुलिनवर आहे. यंदा नवरात्रात त्यानं इंजेक्शन घेतलं आणि दिवसभर पाण्यावर राहिला. ललितापंचमीला साखर इतकी उतरली की घामानं अंग भिजलं, जीभ अडखळायला लागली. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलं, तर मामानं मला फोनवरचा एक फॉरवर्ड वाचायला दिला. मजकूर थोडक्यात असा: ज्यू जीव गेला तरी शब्बाथ, म्हणजे शनिवारची सक्तीची विश्रांती, मोडत नाहीत की उपास सोडत नाहीत; दोन हजार वर्षांत त्यांनी एक नियम बदललेला नाही; धर्माबाबत त्यांच्यात दोन मतं नाहीत; म्हणून ते टिकले, आणि आपण सवलती शोधत बसलो.

पहिलाच मुद्दा सगळ्यात खोटा आहे आणि सगळ्यात घातकही.

ज्यूंचा सर्वांत कडक उपास योम किप्पूरचा. सुमारे पंचवीस तास अन्न नाही, पाणीही नाही. या उपासाचे नियम मिश्ना या ज्यू नियमांच्या जुन्या संग्रहाच्या 'योमा' या भागात आहेत, आणि त्याच्याच आठव्या अध्यायात म्हटलंय की आजाऱ्याला जाणकारांच्या सांगण्यावरून खायला घालावं; जाणकार नसतील तर त्याच्या स्वतःच्या शब्दावर. भुकेनं ज्याचा जीव कासावीस झाला, त्याला एरवी निषिद्ध असलेलं अन्नसुद्धा द्यावं, त्याच्या डोळ्यांत पुन्हा तेज येईपर्यंत. ताल्मूद म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांचा ग्रंथ; त्यातल्या यावरच्या चर्चेत अशा माणसाला मध आणि गोड पदार्थ द्यायला सांगितलंय. साखर उतरलेल्या माणसाला आजचा डॉक्टर दुसरं काय देतो?

त्याच चर्चेत पुढचा प्रश्नही आहे. रोगी म्हणतो मला खायला हवं, वैद्य म्हणतो गरज नाही, ऐकायचं कुणाचं? रोग्याचं. वैद्य म्हणतो हवं, रोगी म्हणतो नको, मग? वैद्याचं, कारण आजारानं रोग्याचं भान हरपलेलं असू शकतं. म्हणजे मामा ज्यू असता तर त्याच्याच धर्मानं त्याला ताटावर बसवलं असतं.

शब्बाथचंही तेच. भिंत कोसळून कुणी खाली अडकल्याची नुसती शंका असली तरी शब्बाथच्या दिवशी ढिगारा उपसायचा. तोरा हा ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ म्हणतो, हे नियम पाळून माणसानं जगावं. त्याचा अर्थ ताल्मूदानं लावला: जगावं, त्यांच्यापायी मरू नये. मैमोनिडीस हा बाराव्या शतकातला धर्मशास्त्री स्वतः वैद्य होता. त्यानं लिहिलं की अत्यवस्थ रोग्यासाठी शब्बाथ मोडायचा तो परक्यांकडून किंवा पोरांकडून नव्हे, समाजातल्या मोठ्या विद्वानांनी स्वतःच्या हातांनी मोडायचा.

जीव गेला तरी शब्बाथ न मोडणारे ज्यू खरंच होऊन गेले. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ग्रीक राजवटीच्या सैन्यानं शब्बाथच्या दिवशी गाठलं म्हणून त्यांनी हात उचलला नाही, आणि बायकापोरांसह सुमारे हजार जण मारले गेले. ते ऐकून मत्तथ्यानं साथीदारांसह ठरवलं की यापुढे शब्बाथलाही लढायचं. मूर्तीपुढे बळी द्यायचा राजाचा हुकूम धुडकावून बंड पुकारणारा मत्तथ्या तो हाच. त्याला मवाळ कोण म्हणेल?

बाकीचे मुद्दे फार वेळ घेण्यासारखे नाहीत. दोन मतं नाहीत म्हणे! हिल्लेल आणि शम्माय या दोन जुन्या धर्मगुरूंच्या शिष्यपरंपरांचे वाद ताल्मूदात पानोपानी आहेत, हरलेल्या बाजूचं मतही जपून ठेवलंय. नियम बदलला नाही म्हणे! सातव्या वर्षी कर्ज माफ होणार म्हणून गरिबाला कुणी उसनं देईना, तेव्हा हिल्लेलनंच कर्ज न्यायालयाकडे सोपवून ते वसूल करता येईल अशी वाट काढली. इसवी सन 70 मध्ये मंदिर पडल्यावर पशुबळी थांबले आणि त्यांच्या जागी प्रार्थना आली.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागेल. मूर्तिपूजा, खून आणि निषिद्ध शरीरसंबंध या तीन बाबतींत ज्यू धर्म खरोखर सांगतो की मेलात तरी चालेल, पण करू नका. आणि चिकाटीनं माणसं टिकली, हेही खरं. आमच्या रायगडातलेच बेने इस्रायल म्हणवणारे ज्यू बघा. तेलाचा घाणा शनिवारी बंद म्हणजे बंद, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. पण हीच माणसं मराठी बोलत होती, पेणकर, रोहेकर अशी गावांची आडनावं लावत होती, त्यांच्या बायका साडी नेसत होत्या.

फॉरवर्डमधला ताठपणा या मराठी ज्यूंच्या वाट्याला आला तो इस्रायलमध्ये. शतकानुशतकं इतरांपासून दूर राहिलेल्यांनी लग्न-घटस्फोटाचे नियम नीट पाळले असतील का, या शंकेवरून तिथल्या मुख्य रब्बी (धर्मगुरू) मंडळानं 1960च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लग्नाआधी मागच्या पिढ्या तपासायचे निर्देश काढले. घाणा बंद ठेवून ज्यांनी शब्बाथ जपला, त्यांच्याकडेच ज्यू असल्याचा पुरावा मागितला गेला. त्यांनी जेरुसलेमला निदर्शनं केली. 1964 मध्ये तिथल्या संसदेनं ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं स्पष्ट केलं, आणि रब्बी मंडळाला निर्देशांतून बेने इस्रायलींचं नाव काढावं लागलं.