गुरुवार धरलेला माणूस

चाळिशीनंतर माणसाने योगा करावा, सायकल घ्यावी, फार तर शेअर मार्केटमध्ये थोडे पैसे घालवावेत, एवढ्याला आपल्याकडे मान्यता आहे. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू कापणाऱ्या मशीनचा, ऑपरेटर व्हायला नाही. मी औषध कंपनीत एमआर होतो, उमेदीची सगळी वर्षं टाय लावून डॉक्टरांच्या केबिनबाहेर बॅग मांडीवर घेऊन बसण्यात गेली, आणि मग डोक्यात भुंगा शिरला की आपण बोलतो एवढं पण हाताने केलेली एक वस्तू दाखवता येत नाही. झालं. भोसरीत सीएनसीचा कोर्स लावला आणि तिथल्याच एका छोट्या शॉपमध्ये ट्रेनी म्हणून चिकटलो. (पगार विचारू नका, बायकोने विचारलाय, तेवढं पुरे.)

मला वाटलं होतं काचेच्या दाराची, स्क्रीनवाली मशीन मिळेल. मिळाली कानस. व्हाइससमोर (तुकडा घट्ट पकडणारा शिकंजा) उभं राहायचं, माइल्ड स्टीलचा तुकडा घासायचा, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडात धरायचा आणि फटीतून उजेड दिसला की परत घासायचा. उजेड दिसतोच. शिकवणारा मुलगा माझ्या भाच्याच्या वयाचा, मी त्याला सर म्हणतो आणि तो मला काका म्हणतो, आणि या व्यवस्थेत दोघांनाही आता काही वाटेनासं झालंय. तेव्हा मात्र वाटायचं. एकदा तुकडा हातात घेऊन सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "काका, मध्ये पोट आलंय." मी आधी श्वास ओढून सरळ उभा राहिलो, मग कळलं की जॉबबद्दल, म्हणजे हातातल्या तुकड्याबद्दल, बोलतोय. कानस हातात झुलली की दोन्ही कडा जास्त घासल्या जातात आणि मधला भाग उंच राहतो, असं साधं आहे ते.

टाय गेला पहिल्याच दिवशी. लेथवर, म्हणजे जॉब गोल फिरवून कापायच्या मशीनवर, काम करताना गळ्यात काही लोंबता कामा नये, जॉब पकडणारं चक फिरतं, ते टाय ओढेल आणि टायच्या मागोमाग मलाही. हातमोजेही नकोत, त्याच कारणाने. अंगठी पण काढायची. ती डब्याच्या पिशवीत ठेवली तर बायको म्हणाली, "अहो, नोकरी बदललीत ना, अजून काय काय बदलायचंय?"

पण खरा छळ व्हर्नियरचा. ते मोजायचं साधन म्हणे 1631 साली पिएर व्हर्निए नावाच्या फ्रेंच माणसाने छापून जाहीर केलं, त्याचा जन्म 1580 चा, म्हणजे गडी तेव्हा पन्नाशी पार केलेला. त्या वयात त्या दोन पट्ट्यांवरची नेमकी कुठली रेष कुठल्या रेषेला जुळते हे त्याला कसं दिसत होतं हा माझा त्याला अत्यंत आदरपूर्वक प्रश्न आहे. मला चष्मा लावला तर दोन रेषा जुळतात, काढला तर सगळ्याच जुळतात. डिजिटल मागितलं तर सर म्हणतात, बॅटरी संपली की काय कराल काका?

आणि मोजायचं तरी काय, तर 25 मिलिमीटर जाडीचा शाफ्ट, म्हणजे गोल दांडा, एच7 नावाच्या मर्यादेत, म्हणजे 25 च्या वर अजिबात नाही आणि खाली फक्त 21 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) चालेल. (याला व्हर्नियर पुरत नाही, मायक्रोमीटर लागतो. त्यावर अजून बारीक रेषा.) माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा धरला तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात बसायचं. त्यात मशीनमधून काढल्या काढल्या मोजायचं नाही, जॉब तापलेला असतो आणि तापलेलं लोखंड फुगलेलं असतं, 30 अंश जास्त असेल तर एवढासा शाफ्टसुद्धा आठ-नऊ मायक्रॉन खोटं बोलतो. मापं 20 अंश सेल्सिअसला धरायची असं जगाचं ठरलंय. ज्यांनी ठरवलं त्यांना मे महिन्यात भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक शिफ्ट करायला लावली पाहिजे.

प्रोग्रॅमिंग त्यामानाने बरं, जी00 म्हणजे सुसाट जा, जी01 म्हणजे कापत जा, एम30 म्हणजे संपलं. फक्त टिंब विसरायचं नाही. एक्स50 लिहून पुढे टिंब दिलं नाही तर काही मशीनचे कंट्रोल ते 50 मिलिमीटर न धरता 50 मायक्रॉन धरतात आणि टूल भलतीकडेच निघतं. पूर्वी टार्गेटच्या रिपोर्टमध्ये टिंब इकडचं तिकडे झालं तर साहेब फक्त ओरडायचे, साहेबांना धार नव्हती.

माप बरोबर की चूक एवढंच सांगणाऱ्या गो आणि नो-गो गेजने तर मला पार हरवलं. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये, विषय संपला. डॉक्टर प्रिस्क्रिप्शनबद्दल "बघू" म्हणायचे आणि त्या बघूमधून हो काढायचं हेच तर माझं कौशल्य होतं, त्यावर इन्सेन्टिव्ह मिळायचा. या गेजला बघू म्हणता येत नाही. मी दोन-तीनदा त्याला समजावून पाहिलं, म्हणजे जरा तिरका धरून, हलकेच फिरवून. सरांनी हातातून काढून घेतला.

घरी वेगळंच. आमच्या पट्ट्यात एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. त्यामुळे रविवारची लग्नं, बारशी, मुलांच्या मॅचेस सगळं गेलं आणि गुरुवारी मी एकटाच घरात लोळत पडलेला. आईने यातून स्वतःपुरता मार्ग काढलाय, ती नातेवाइकांना सांगते की त्याने गुरुवार धरलाय, दत्ताचा. आता सेकंड शिफ्ट करून रात्री साडेअकराला सुटून आलेला मी दुसऱ्या दिवशी, हक्काच्या सुट्टीला, साबुदाण्याची खिचडी खातो. आत्या तर म्हणाली, चेहऱ्यावर तेज आलंय. कूलंट आहे ते आत्या, मशीनमध्ये कापताना ओतायचं तेलकट पाणी, धुऊन जात नाही.

सोसायटीत मात्र भाव वाढलाय. मशीनवर काम करतो म्हटल्यावर मिक्सरची भांडी, कुकरचे दांडे, गेटची बिजागरी, सगळं माझ्या दारात येतं. मी सांगतो की मला फक्त गोल वस्तू बारीक करता येतात, कोणी ऐकत नाही. परवा रात्री चेअरमनचा फोन, लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकलीय, तुम्ही मशीनवाले ना, या जरा. मी चप्पल घालेपर्यंत परत फोन, "आणि हो, येताना ती पूर्वीची अ‍ॅसिडिटीची सॅम्पलं उरली असतील तर एक स्ट्रिप आणा, आत देशपांडे वहिनी आहेत, त्यांना जळजळतंय."