गिरणीत तलवार कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

पिठाच्या गिरणीत मी काढलेल्या कॉस्प्लेच्या, म्हणजे गेममधल्या पात्राचा वेश केलेल्या मुलीच्या, फोटोंवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की पिठाच्या गिरणीत चिलखत घातलेली मुलगी उभी करणं हा कष्टाच्या जागेचा पोरकट वापर आहे. दळणाला आलेल्या बाईंचं त्यात हसं झालंय, फोटोसाठी पीठ उधळलंय, आणि असली पात्रं किल्ल्यावर नाहीतर स्टुडिओतच शोभतात. शेवटी ‘आपले बहुरूपी उपाशी आणि तुम्हाला हे जपानी खूळ’ असा टोलाही आहे.

पिठापासून सुरुवात करतो. पीठ कुणीही उधळलेलं नाही. ज्या फोटोत हवेत पांढुरकं धुकं दिसतं, त्यात गिरणी चालू आहे आणि त्याच बाईंची ज्वारी दळली जातेय. दारातून तिरपं ऊन आत येत होतं, म्हणून एरवी नजरेला न पडणारी धूळ दिसली. नीट पाहिलंत तर त्या फोटोत मुलीच्या पाठीवरचा लाल झगा नाही. पट्टा फिरत असताना लोंबतं कापड जवळ नको, हे गिरणीवाल्या काकांनी आम्ही काही विचारायच्या आत सांगितलं होतं. झगा असलेले सगळे फोटो गिरणी बंद असताना काढलेत. आणि बंद खोलीत पीठ उडवण्याइतका मी वेडा नाही. हवेत तरंगणाऱ्या पिठाला ठिणगी मिळाली की त्याचा स्फोट होऊ शकतो. 1878 साली अमेरिकेत मिनियापोलिसची वॉशबर्न ‘ए’ गिरणी अशीच उडाली आणि 18 माणसं गेली. पिठाच्या ढगातले हौशी फोटोशूट बघून मला धडकी भरते ती यामुळे.

आता किल्ला की स्टुडिओ. ते चिलखत ईव्हीए फोमचं आहे, म्हणजे लहान मुलांच्या खोलीत जमिनीवर जोडतात त्या रंगीत चटयांच्याच जातीचं. कटरने कापायचं, हीट गनने तापवून वाकवायचं, सांधे फेव्हिकॉल एसआरने चिकटवायचे, वर प्रायमर, त्यावर चंदेरी रंग, आणि शेवटी पातळ काळा रंग खाचांमध्ये भरून वरवर पुसून घ्यायचा, म्हणजे वापरलेलं वाटतं. स्टुडिओत काळा पडदा आणि बाजूने एक दिवा लावला की यातलं काहीही चांगलं दिसतं, कारण अर्धं अंधारात जातं. गिरणीत ती सवलत नाही. तिथे पुली खरी, वजनकाटा खरा, हात लागून लागून चकाकलेला पत्रा खरा. त्यांच्या शेजारी फोमचं चिलखत उभं राहतं तेव्हा करणाऱ्याने किती रात्री घातल्यात ते कळतं. डाव्या खांद्याचा सांधा उघडा पडलेला तुम्हालाही दिसला असेल. आणि खाचांत जाऊन बसलेलं पीठ कुठल्याही काळ्या रंगापेक्षा चांगलं काम करून गेलं.

दुसरी अडचण उजेडाची. जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होते. शटर फार वेगवान ठेवलं की फोटोत आडवे पट्टे येतात आणि रंग दर फोटोला बदलतो. म्हणून सेकंदाच्या 1/100 वरच थांबावं लागलं, आणि त्या वेगाला फिरवलेली तलवार नुसती पुसट रेघ होते. म्हणजे लढाईच बाद! मग ती काय करणार? रांगेत उभी राहिली, डब्यावर बसली, दळणाच्या दरांची पाटी वाचत राहिली. गेममध्ये हे पात्र कधीच कशाची वाट बघत नाही. तिथे नुसतं कापाकापीचं काम. इथे त्याला वाट बघावी लागली, आणि मला तेच बघायला आवडलं. स्टुडिओत हे सुचलं नसतं.

किल्ल्यावर मी हे करणार नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित किल्ल्यावर ट्रायपॉडलाही परवानगी लागते, पण ते दुय्यम. आपल्या किल्ल्यांवर गेल्यावर कुणाची चिलखतं मनात येतात हे तुम्हाला सांगायला नको. तिथे गेममधली योद्धा उभी केली असती, तर तुमचीच प्रतिक्रिया सौम्य वाटावी अशा ढीगभर आल्या असत्या, आणि त्यातल्या बऱ्याच मला पटल्या असत्या.

जपानी खूळ म्हणालात. 1939 च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस भविष्यातल्या माणसांचे कपडे घालून तिथे गेले होते. कपडे मर्टलबाईंनी केले, नाव बहुतेक वेळा अ‍ॅकरमनचं निघतं (हे वळण ओळखीचं वाटेल). जपानने मात्र ते रस्त्यावर आणि शिस्तीत, दोन्ही आणलं. नागोयात 2003 पासून वर्ल्ड कॉस्प्ले समिट भरतं, आणि त्यातले लोक ओसूच्या बाजारपेठेतून, जुन्या कपड्यांच्या नि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांमधून मिरवत जातात. उलट टोकियोच्या कॉमिकेटला, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या कॉमिक्सच्या बाजाराला, घरून वेश चढवून यायला मनाई आहे. कपडे तिथे येऊन बदलायचे, परत जाताना उतरवायचे. तुमच्या आक्षेपातला वजनदार भाग हाच आहे: दळण आणायला निघालेल्या माणसाने आपल्या नाटकात काम करायचं कबूल केलेलं नसतं.

म्हणूनच विचारून केलं. काकांनी तासाचे पैसे ठरवून घेतले आणि मोजून खिशात टाकले, ते मला योग्यच वाटलं. ‘माझा फोटो नको’ म्हणाले, तर ते एकाही चौकटीत नाहीत.

बहुरूप्याशी मी बरोबरी केलेली नाही. बहुरूपी फौजदार होऊन दारात येतो, दम भरतो, हसवतो, तेव्हा कुठे हातावर काही पडतं. आमची मुलगी गप्प उभी राहिली तरी चालतं आणि घरी तिचं जेवण झाकून ठेवलेलं असतं. त्यांची परवड खरी आहे, पण आम्ही फोम कापायचं थांबवल्याने ती कमी होणार नाही.

राहिल्या त्या बाई. ‘हिला आधी द्या, हिच्याकडे तलवार आहे’ हे फोटोखालचं वाक्य त्यांचं आहे, माझं नाही. रांगेत सगळे हसले ते आम्हाला. फोटो कॅमेऱ्यावर पाहून, झूम करायला लावून, मगच त्या ‘टाका’ म्हणाल्या, आणि स्वतःच्या फोनवरही मागून घेतला. त्यामुळे तो काढून टाकायची तुमची मागणी मी मान्य करत नाही. त्यांनी सांगितलं तर त्याच दिवशी काढेन.