जिमखान्याचा इतिहास १९३३ पासून सुरू होत नाही

आज सकाळी आमच्या तालुक्यातल्या ओव्हरआर्म क्रिकेट स्पर्धेच्या उद्घाटनात प्रमुख पाहुण्यांनी मुंबईच्या बॉम्बे जिमखान्याच्या मैदानाची थोरवी सांगितली: १५ डिसेंबर १९३३, भारतात झालेला पहिला कसोटी सामना, समोर जार्डिन यांचा इंग्लंड संघ आणि पदार्पणातच लाला अमरनाथ यांच्या ११८ धावा. ते शतक मोठेच होते, हे मान्य. पण कोकणात उभे राहून या मैदानाची आठवण काढायची आणि इथे खेळलेल्या पालवणकर भावांचे नावही घ्यायचे नाही, याचा मला संताप आला.

हे दलित कुटुंब मूळचे कोकणातल्या पालवणचे. बाळू पालवणकर पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची कामे करत, आणि तिथेच साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. हिंदू संघाला त्यांनी घेतलेले बळी हवे होते. चहाच्या वेळी मात्र इतरांना चिनी मातीचे कप आणि बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीचा पेला.

हे प्रथम वाचले तेव्हा लहानपणीचा आमच्या वाडीचा गोलंदाज डोळ्यांपुढे आला. पाण्याचा तांब्या आमच्या हातांतून फिरायचा. त्याला ओंजळ धरून वाकावे लागायचे आणि कुणीतरी वरून धार सोडायचे. सामना त्याने जिंकून दिला, त्या दिवशीही धार वरूनच सुटली आणि कडेला बसलेल्या एकाही मोठ्या माणसाने हरकत घेतली नाही.

ज्या जिमखान्यात भारतीयांना सदस्यत्व नव्हते, त्याच्याच मैदानावर फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले आणि त्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. ते मिळाले धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ मध्ये, आणि त्या वर्षी याच मैदानावर युरोपियन पुन्हा हरले. ते संघ धर्मावरून पाडलेले होते, ही खोट मी नाकारत नाही.

आमचा गोलंदाज अजून अधूनमधून बाजारात भेटतो. रस्त्यात उभे राहून तो तासभर क्रिकेटवर बोलतो, तांब्याचा विषय कधीच काढत नाही, आणि मलाही तो काढण्याचा धीर होत नाही.

माझ्या मित्रयादीत शिक्षक पुष्कळ आहेत. गुरुजी, बाई, मुलांना जिमखान्याची गोष्ट सांगाल तेव्हा १९०६ पासून सांगा, आणि मातीच्या पेल्याचा भाग गाळू नका.