पुन्हा खोदली आमची गल्ली

'बाजाराचा कायापालट' हे शब्द ऐकले की आता पोटात गोळाच येतो. नागपूरच्या इतवारी बाजारात आमचं खाली दुकान, वर घर. तीन पिढ्या इथंच नांदल्या. गेल्या वर्षी बसवलेले पेव्हर ब्लॉक या वर्षी पुन्हा उखडले. दुकानात चढायला एक डुगडुगती फळी टाकलीये. काल एक आजी त्या फळीवर पाय ठेवून थबकल्या अन् तशाच परत फिरल्या. त्यांच्या हातातली रिकामी पिशवी डोळ्यांसमोरून हलत नाही.

काहून विचारत नाही कोणी आम्हाला? नागपूरचं ऊन ४५ अंशांवर जातं. गिऱ्हाइकाला रंगीत दिवे नकोत. सावली पाहिजे, प्यायला पाणी पाहिजे, बायांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह पाहिजे! डिसेंबर २०२२ पासून मेट्रो अग्रसेन चौकातून धावते, चांगलंच झालं. पण उतरल्यावर गाड्यांच्या गर्दीतून, मातीच्या ढिगांवरून माणसानं बाजारात यायचं कसं?

अन् वरच्या मजल्यांवरची बिऱ्हाडं निघून चाललीत, तिथं गोदामं होताहेत. आमच्या गल्लीत रात्री नऊनंतर चिटपाखरू दिसत नाही. आधी इथं माणसं राहतील असं काहीतरी करा ना!