सावळ्यांनी फोटोत फिकटच घालावं? कुणी सांगितलं?

परवा रात्री साडेदहाला भाचीचा मेसेज आला. 'मावशी, आजीची डाळिंबी इरकल कॅन्सल. मी बेज कुर्ता घालते आणि मागच्या रांगेत उभी राहते.' खाली तो फॉरवर्ड जोडलेला : 'फॅमिली फोटोशूटला काय घालाल? पुण्यातल्या टॉप फोटोग्राफर्सचे ९ नियम.' हे फोटोग्राफर कोण, कुठले, एकाचंही नाव नाही. सोसायटीच्या ग्रुपवर तो आठवडाभर फिरत होता, मी सोडून दिलं होतं. आता तो आमच्या घरात शिरला.

येत्या रविवारी आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतात. कर्वेनगरच्या घराच्या गच्चीवर आम्ही १४ जण मिळून फोटो काढणार आहोत. मी १७ वर्षं लग्नं, मुंजी, बारशी आणि असे घरगुती फोटो काढून पोट भरते, तेव्हा याचं उत्तर मीच द्यायला हवं.

सुरुवात ५ व्या नियमापासून, कारण माझ्या १६ वर्षांच्या भाचीला मागच्या रांगेत ढकललं ते त्याने. 'सावळ्या वर्णाच्या व्यक्तींनी गडद रंग टाळावेत. क्रीम, बेज असे फिकट रंग घातल्यास चेहरा उजळ दिसतो.'

हे साफ चूक आहे. कॅमेऱ्याला माणूस कळत नाही, उजेड कळतो. समोरचं सगळं एकत्र केलं तर मधला राखाडी रंग होईल, असं धरून त्याचा उजेड मोजणारा मीटर चालतो. चौकट पांढऱ्या-क्रीम कपड्यांनी भरली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, खाली आणतो. कापड मळकट दिसतं, चेहरे आणखी काळवंडतात. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर वर न्यावं, तर पांढरं जळतं. कापडावरची एकही चुणी उरत नाही. आताचे फोन चेहरा ओळखून उजेड ठरवतात हे खरं, पण शेजारी भगभगीत पांढरं असलं की त्यांचीही ओढाताण होतेच. डाळिंबी, जांभळा, गर्द हिरवा, मोरपंखी या रंगांशेजारी सावळा चेहरा खुलतो. म्हणजे नियम नेमका उलटा लिहिलाय.

काल संध्याकाळी भाचीला घरी बोलावलं. गॅलरीच्या दाराशी, बाजूने उजेड येईल असं उभं केलं. आधी बेज कुर्ता, मग खांद्यावरून घेतलेली इरकल. जागा तीच, कॅमेरा ऑटोवर, दोन्ही फोटोंत दहा मिनिटांचं अंतर. पहिल्यात नजर कुर्त्यावर जाते, चेहरा सपाट, डोळ्यांच्या खाचा काळ्या. दुसऱ्यात तिच्या उजव्या गालाची तकाकी दिसते, कानातल्या मोत्याची मानेवर पडलेली इवलीशी सावली दिसते, आणि तो लाल पदर, त्यावरचे पांढरे टोप तेनीचे, म्हणजे इरकलीच्या पदरावरच्या ठरलेल्या नक्षीचे, दातरे. तिने स्क्रीन मोठी करून करून स्वतःचा चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला.

आणि हा समज आला कुठून, तेही सांगते. कॅनडाच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या लोर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये यावर सविस्तर संशोधन-लेख लिहिलाय. रंगीत फिल्मच्या काळात लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला एक नमुना-कार्ड असायचं, 'शर्ली कार्ड'. त्यावर गोऱ्या कातडीची बाई. तिचा रंग बरोबर आला की प्रिंट बरोबर. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचं काय होतं, ते त्या कार्डावर कळायला वावच नव्हता. फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीकडे फर्निचरवाल्यांनी आणि चॉकलेटवाल्यांनीही तक्रारी केल्या, की लाकडाच्या आणि चॉकलेटच्या तपकिरी छटा वेगवेगळ्या दिसत नाहीत. पुढे फिल्म सुधारली. दोष फिल्मचा होता, माणसाच्या रंगाचा नव्हता. तो दोष गेला, आणि आपण अजून पोरींना सांगतोय की तुझ्यामुळे फोटो बिघडतो!

भाचीचा रंग माझ्या बाबांचा आहे. त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे, ब्लॅक अँड व्हाइट. बाबांचा पांढरा कोट सुरेख आलाय, बटणं मोजता येतात, आणि चेहऱ्याच्या जागी काळसर डाग. आई अजून म्हणते, 'यांचे डोळे त्या फोटोत कधी दिसलेच नाहीत.' फोटोग्राफरने कोट सांभाळला आणि नवरा मुलगा घालवला. पन्नास वर्षांनी नातीच्या बाबतीत मी हे पुन्हा होऊ देणार नाही.

बाकीचे नियम.

'काळा रंग शुभप्रसंगी नको, फोटोतही नको.' पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून, हलव्याचे दागिने घालून आपणच फोटो काढतो ना? बोरन्हाणाला बाळाला काळं झबलं घालतो ना? मग? काळ्याची खरी अडचण एवढीच, की मागे अंधार असला तर केस आणि कपडे त्यात बुडतात. मागची भिंत उजळ घ्या, प्रश्न मिटला.

'सर्वांनी पांढरा टॉप व निळी जीन्स.' माझी आई ७३ वर्षांची आहे, उभ्या जन्मात साडीशिवाय काही नेसलेली नाही. फोटोसाठी तिला परकी करायची? शिवाय १४ पांढरे टॉप एकत्र आले की मीटरचं काय होतं ते वर सांगितलंच आहे. दोन-तीन रंग ठरवा आणि ज्याला जे शोभतं त्यात ते येऊ द्या. आम्ही डाळिंबी, मोरपंखी आणि हळदी ठरवलेत.

'जरीच्या साड्या, पैठणी टाळा, फ्लॅशमध्ये चमकतात.' समोरून थेट फ्लॅश मारला तर चमकणारच. तो फ्लॅश छताकडे किंवा भिंतीकडे वळवणं हे फोटोग्राफरचं काम आहे, त्यासाठी घरातल्या बाईने पैठणी कपाटात का ठेवायची? पैठणीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की धूपछाव दिसते, आणि ती बाजूच्या उजेडात जितकी सुंदर येते तितकी कशातच येत नाही.

चष्मा काढायचा नियम तर मला वाचवेना. बाबा चाळीस वर्षं चष्मा लावतात, त्याशिवाय नातवंडंसुद्धा त्यांना क्षणभर ओळखत नाहीत. हनुवटी किंचित खाली आणि उजेड थोडा बाजूला घेतला की काचेवरची चमक जाते.

दोन गोष्टी मात्र त्यात बरोबर आहेत, नाइलाजाने मान्य करते. अगदी बारीक चौकडीचे किंवा रेघांचे शर्ट नकोत. डिजिटल फोटोत त्यांच्यावर लाटांसारखी नक्षी उमटते आणि ती काढणं जिकिरीचं असतं. आणि निऑन पोपटी किंवा भगभगीत केशरी नको, त्याचा रंग उन्हात हनुवटीवर सांडतो. हे सगळ्यांनाच लागू आहे, गोऱ्यांनाही.

मुलांना त्या दिवशी कोरे कपडे घालू नका. कांजीचं कापड टोचतं आणि फोटोभर पोरं मान खाजवतात. एकदा धुऊन, एकदा घालून मगच फोटोला. हे त्या नऊ नियमांत नाही.

रविवारी सकाळी साडेसातला कॅमेरा माझ्या सहकाऱ्याच्या हातात असेल. भाची पहिल्या रांगेत, आजोबांच्या उजव्या हाताला. इरकलीवरचा ब्लाउज शनिवारी संध्याकाळी मिळतोय, शिवणाऱ्या ताईंना आजच फोन करून पक्कं केलंय.